फोर व्हील ट्रॅक्टरला पुढचे-मागचे टायर जुळवायचे म्हणजे नक्की काय जुळवायचं?

मुंबईत बसून ट्रॅक्टरच्या टायरवर लिहायचं कारण एकच, आपल्यातल्या कितीतरी घरांची गावाला शेती आहे. कोणाची वाडा-पालघरकडे, कोणाची माणगाव-महाडला, कोणाची पार साताऱ्या-सांगलीला, आणि टायर बदलायची वेळ आली की गावाहून फोन येतो की दादा तू तिकडेच आहेस तर कुर्ल्याला सीएसटी रोडला एक चक्कर मार, काय भाव आहे बघ, साइज व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलीय. आणि साइज म्हणून येतो तो टायरवरचा नंबर. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर असेल तर तेवढ्यावर काम भागतं. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर मात्र भागत नाही, आणि हल्ली कोकणात आणि घाटावर दोन्हीकडे फोर व्हील ट्रॅक्टर बरेच यायला लागलेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. चुकीच्या जोडीने होणारं नुकसान टायरपुरतं राहत नाही, ते पुढच्या अ‍ॅक्सलच्या आत, क्राउन-पिनियनपर्यंत, म्हणजे चाकांना ताकद पोचवणाऱ्या दातेरी गिअरच्या जोडीपर्यंत जातं, आणि तिथला खर्च टायरच्या खर्चापेक्षा खूप मोठा असतो.

आधी मुळातली गोष्ट. टू व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, पुढची चाकं नुसती वजन घेतात आणि दिशा देतात, मोकळी फिरतात. त्यामुळे पुढे थोडा लहान-मोठा टायर आला तरी ते चाक आपल्या हिशोबाने कमी-जास्त फिरतं आणि कोणाला काही फरक पडत नाही. फोर व्हीलचा दांडा टाकला की गिअरबॉक्सपासून एक शाफ्ट पुढच्या अ‍ॅक्सलला ताकद द्यायला लागतो, आणि इथे महत्त्वाचं असं की हा जोड ठाम असतो. काही जीप-गाड्यांमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये एक डिफरन्शियल असतो, तो दोघांमधला फरक सांभाळून घेतो, आपल्याकडच्या ट्रॅक्टरमध्ये तसा मधला डिफरन्शियल नसतो. डाव्या-उजव्या चाकातला फरक सांभाळायला प्रत्येक अ‍ॅक्सलमध्ये आहे, पुढच्या-मागच्यातला फरक सांभाळायला कोणीच नाही. मागचं चाक १० वेळा फिरलं की पुढचं ठरलेल्या आकड्याइतकंच फिरणार, समजा १३ वेळा, ना कमी ना जास्त. हे गिअरच्या दात्यांनी ठरवलेलं आहे, कंपनीतच ठरलेलं आहे, ते तुम्ही बदलू शकत नाही. तुमच्या हातात फक्त टायर आहे.

दादरच्या पुलावर गर्दीच्या वेळी आईचा हात धरून चालणारं लहान पोर बघा. आईची पावलं लांब, त्याची आखूड, म्हणून बरोबरीने चालायला ते जास्त पावलं टाकतं. हात सुटू शकत नाही. पोर अर्धं पाऊल पुढे असेल तर आईला जराशी ओढ बसते आणि दोघं व्यवस्थित पुढे जातात. पण पोर मागे पडायला लागलं की आई त्याला फरफटत नेते, दोघांचा हात दुखतो आणि चालही मंदावते. पुढचा लहान टायर आणि मागचा मोठा टायर यांचं नातं अगदी असंच आहे.

आता आकड्यात बघू, कारण आकड्याशिवाय हे नीट कळत नाही. मागच्या टायरची एक पूर्ण फेरी झाली की ट्रॅक्टर किती पुढे सरकतो ते अंतर घ्या, समजा ३.९० मीटर. इंग्रजी कॅटलॉगमध्ये याला रोलिंग सर्कमफरन्स म्हणतात, आपण फेरीचं अंतर म्हणू. पुढच्या टायरचं फेरीचं अंतर समजा ३.१० मीटर. आणि गिअरचा रेशो १.३०, म्हणजे मागचं एकदा फिरलं की पुढचं १.३० वेळा फिरणार. मग मागचं चाक एका फेरीत ३.९० मीटर जायला बघतं, आणि तेवढ्याच वेळात पुढचं ३.१० गुणिले १.३० म्हणजे ४.०३ मीटर जायला बघतं. ४.०३ ला ३.९० ने भागलं की १.०३३ येतं. म्हणजे पुढची चाकं मागच्यांपेक्षा ३.३ टक्के जास्त पळायला बघतात. याला लीड म्हणतात, म्हणजे पुढच्याची आघाडी. ट्रॅक्टर आणि टायरवाले साधारण १ ते ५ टक्के लीड योग्य धरतात, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल तर तो सगळ्यात खरा. शून्याच्या खाली गेलं, म्हणजे पुढची चाकं मागच्यांपेक्षा हळू पळायला बघायला लागली, तर ते चालत नाही, अजिबात नाही.

आता हाच ट्रॅक्टर घ्या. मागे १३.६-२८ होते, ते झिजले, आणि दुकानदार म्हणाला की १४.९-२८ टाका ना, रिम तीच चालते, टायर रुंद आहे, पकड चांगली मिळेल, ट्रॅक्टर भारदस्त दिसेल. हे सगळं ऐकायला बरोबर आहे आणि टू व्हीलला चालूनही जातं. पण १४.९-२८ नुसता रुंद नसतो, उंचही असतो. त्याचं फेरीचं अंतर समजा ४.०८ मीटर. पुढचं ४.०३ तेच राहिलं. ४.०३ भागिले ४.०८ म्हणजे ०.९८८. म्हणजे ३.३ टक्के पुढे असणारी चाकं आता १.२ टक्के मागे पडली. रिम बसली, नट बसले, ट्रॅक्टर चालला, आणि आत चुकीचं काम सुरू झालं.

नक्की काय होतं ते बघा. मागची चाकं ट्रॅक्टरला ४.०८ मीटर ढकलतात. पुढच्या चाकांना गिअरने ४.०३ चीच मुभा दिलीय. जमीन कडक असेल, टायर घसरत नसतील, तर पुढची चाकं जमिनीमुळे जबरदस्तीने जास्त फिरवली जातात, म्हणजे ती ताकद घेण्याऐवजी उलट ताकद परत पाठवायला लागतात. पुढच्या चाकातून शाफ्टमध्ये, शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये, तिथून परत मागच्या अ‍ॅक्सलला, आणि मागच्या चाकातून जमिनीतून परत पुढच्या चाकाला. ही ताकद ट्रॅक्टरच्या आतच गोल फिरत राहते, नांगराला किंवा ट्रॉलीला त्यातलं काही मिळत नाही, पण डिझेल मात्र त्याचंही जातं. पुढचा अ‍ॅक्सल चक्क ब्रेकसारखा काम करतो. आणि क्राउन-पिनियनच्या दात्यांवर उलट्या बाजूने दाब येतो, तो दाब सुटायला वाट नसते, शाफ्ट पिळल्यासारखा ताणून राहतो, शेवटी कुठल्या तरी टायरने घसरून तो ताण सोडला की धक्का बसतो, परत ताण, परत धक्का. फोर व्हीलचा दांडा काढताना अडकतो, जोर लावला तरी निघत नाही, थोडं मागे घेतलं की टणकन निघतो, हे तुम्ही गावाला बघितलं असेल. दांडा खराब झालाय असं सगळ्यांना वाटतं, तो बहुतेक वेळा या ताणामुळे अडकलेला असतो.

लीड जास्त झाली तरी त्रास आहेच, समजा ७-८ टक्के. तेव्हा पुढची चाकं सतत जमिनीवर घासत फिरतात, कारण त्यांना जेवढं पळायचंय तेवढं मागची पळू देत नाहीत. पुढच्या टायरवरचे उंच रबरी पट्टे, ज्यांना लग म्हणतात, ते भराभर उडतात, आणि ट्रॅक्टर ओढायचं बरंचसं ओझं पुढच्या अ‍ॅक्सलवर येतं, जो मुळात मागच्यापेक्षा बारीक बनवलेला असतो. तरीही मला लॅग, म्हणजे पुढचं मागे पडणं, जास्त वाईट वाटतं, कारण जास्त लीड टायर खाऊन स्वतःला दाखवून देते आणि लॅग बराच काळ आतल्या आत राहतो.

मग शून्य का नाही ठेवत, अगदी बरोबरीत, असा प्रश्न पडतो. दोन कारणं. एक म्हणजे टायर झिजतात, हवा कमी-जास्त होते, ट्रॉलीचं वजन येतं, आणि शून्यावर ठेवलं तर यातलं काहीही थोडं इकडे-तिकडे झालं की लॅग सुरू, म्हणून थोडी जागा ठेवलेली आहे. दुसरं कारण वळणाचं. ट्रॅक्टर वळतो तेव्हा पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात आणि मागची लहान गोलातून. समजा पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये २ मीटर अंतर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ३.५ मीटरच्या गोलात वळतोय, तर पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्याचा गोल साधारण ४.०३ मीटरचा येतो, म्हणजे पुढच्यांना १५ टक्के जास्त अंतर कापायचंय. ३ टक्के लीड त्याला पुरणार नाही, पण मदत नक्की होते, पुढची चाकं ट्रॅक्टरला वळणाकडे ओढतात, स्टिअरिंग हलकं लागतं. पण १५ टक्के काही त्याने भरून निघत नाहीत, म्हणूनच बांधाजवळ फोर व्हील टाकून एकदम करकचून वळवला की ट्रॅक्टर सरळच ढकलल्यासारखा जातो, मग लोक आतल्या चाकाचा ब्रेक मारतात. कुबोटाने आपल्या काही ट्रॅक्टरवर बाय-स्पीड टर्न नावाची सोय दिलीय, त्यात चाक एका ठराविक कोनापलीकडे वळलं की पुढची चाकं आपोआप जवळजवळ दुप्पट वेगाने फिरतात, ती नेमकी याच अडचणीसाठी.

आता टायरवरच्या नंबरकडे येऊ. १३.६-२८ मध्ये १३.६ ही टायरची रुंदी, इंचात, आणि तीसुद्धा ढोबळ. २८ हा रिमचा व्यास, इंचात. मधली आडवी रेघ म्हणजे नायलॉनचा, तिरक्या थरांचा टायर, रेघेच्या जागी आर असेल तर रेडियल. नव्या पद्धतीत ३४०/८५ आर २८ असं लिहितात, म्हणजे रुंदी ३४० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८५ टक्के, रेडियल, रिम २८ इंची. १३.६ आर २८ ला पर्यायी म्हणून हाच टायर देतात. पण या सगळ्यात टायर एका फेरीत किती अंतर कापतो हे कुठेच लिहिलेलं नाही. दोन कंपन्यांच्या एकाच नंबरच्या टायरमध्ये एक-दोन टक्क्यांचा फरक सहज असतो, कारण लगची उंची वेगळी, रबराचा आकार वेगळा. ज्या हिशोबात एकूण मोकळीक ४ टक्क्यांची आहे तिथे २ टक्के म्हणजे अर्धी मोकळीक गेली. म्हणून मागे एका कंपनीचा, पुढे दुसऱ्या कंपनीचा, तोही एक नायलॉन आणि एक रेडियल, असं करायचंच असेल तर मोजून करा.

कोकणातल्या आणि पालघर-रायगडमधल्या भातवाल्यांसाठी इथे एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. चिखलणीसाठी खास उंच लगचे टायर मिळतात, त्यांच्यावर आर-२ लिहिलेलं असतं, नेहमीच्या टायरवर आर-१ असतं. आर-२ चे लग बरेच उंच, त्यामुळे त्याच नंबरचा टायर बाहेरून मोठा भरतो. मागे आर-२ टाकले आणि पुढे जुनेच आर-१ ठेवले की मागचं फेरीचं अंतर वाढलं, पुढचं तेवढंच राहिलं, म्हणजे आपण वर बघितलं तेच झालं. शेतातल्या चिखलात हे तितकं जाणवणार नाही कारण तिथे सगळीच चाकं घसरत असतात, ताण साठायला वेळच मिळत नाही. पण शेत ते घर हा रस्ता आहेच ना, आणि पावसाळा संपल्यावर तोच ट्रॅक्टर कडक जमिनीत नांगर ओढणार. पूर्ण लोखंडी केज व्हील, म्हणजे चिखलासाठीचं पिंजऱ्यासारखं चाक, लावणाऱ्यांनीही त्याचा व्यास टायरशी जुळतोय का बघावं, नाहीतर फोर व्हील काढून चालवावं.

झिजण्याचा हिशोब तर सगळ्यांनीच बघण्यासारखा आहे. कडक रस्त्यावर टायर लगच्या टोकांवर चालतो. लग २० मिलिमीटर झिजले म्हणजे टायरची त्रिज्या २० मिलिमीटरने कमी झाली, आणि परीघ २० गुणिले ६.२८ म्हणजे साधारण १२६ मिलिमीटरने. पुढच्या ३.१० मीटरच्या टायरला हे ४ टक्के होतात. आपल्याच उदाहरणात घाला, ३.१० चे २.९७४ झाले, गुणिले १.३० म्हणजे ३.८६६, भागिले ३.९०, आलं ०.९९१. म्हणजे ज्या दिवशी मागे कोरे टायर टाकले आणि पुढे गुळगुळीत झालेलेच ठेवले, त्या दिवशी ट्रॅक्टर लॅगमध्ये गेला, आणि तेही सगळे टायर कंपनीच्याच नंबरचे असताना. उलटं केलं, पुढे कोरे आणि मागे २० मिलिमीटर झिजलेले, तर ४.०३ भागिले ३.७७४, म्हणजे ६.८ टक्के लीड. दोन्ही बाजूंनी हद्दीबाहेर. रबर चढवलेले, रिमोल्ड केलेले टायर घेणाऱ्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं, कारण नवीन रबर किती जाड बसवलं त्यावर व्यास ठरतो आणि बाजूला छापलेला नंबर जुनाच राहतो.

मोजायचं कसं, हे खरं तर कोणीही अर्ध्या दिवसात करू शकतो, खडू आणि लांब टेप पाहिजे, आणि दोन माणसं. काही लोक चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून तिला ६.२८ ने गुणतात, ते चुकतं, आकडा कमी येतो, कारण वजनाने टायर खाली दबतो तितका त्याचा परीघ आखडत नाही. काही जण टायरभोवती टेप गुंडाळतात, त्यात आकडा जास्त येतो. खरं अंतर या दोघांच्या मधे कुठेतरी असतं, आणि ते चालवूनच कळतं. आधी चारही टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. पक्की, सपाट जागा बघा. फोर व्हील काढलेलं असू द्या. मागच्या टायरच्या बाजूला खडूने रेघ मारा, ती बरोबर खाली आली की जमिनीवर खूण करा, ट्रॅक्टर सरळ आणि हळू चालवा, रेघ १० वेळा खाली आली की परत खूण, मधलं अंतर मोजा, १० ने भागा. पुढच्या टायरचंही तसंच. एका फेरीवर मोजू नका, खुणेत दोन बोटांची चूक झाली तरी टक्केवारी बिघडते, १० फेऱ्यांत ती चूक वाटली जाते.

रेशो मॅन्युअलमध्ये मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी अडत नाही. आता शेतात किंवा मोकळ्या मातीच्या रस्त्यावर जा, डांबरावर नको. फोर व्हील टाका, सरळ चालवा, मागचं चाक बरोबर १० वेळा फिरेपर्यंत पुढचं किती फिरलं ते दुसऱ्या माणसाने मोजायचं. पूर्ण फेऱ्यांच्या वर जो तुकडा उरतो तो लग मोजून काढायचा, टायरच्या एका बाजूला एकूण किती लग आहेत आणि त्यातले किती पुढे गेले, म्हणजे फेरीचा किती भाग झाला ते कळतं. आपल्या उदाहरणात हे १३.० येईल. मग फोर व्हील काढून त्याच जमिनीवर परत तेच करा, मागच्याच्या १० फेऱ्या, पुढच्या किती. इथे पुढचं मोकळं फिरतंय म्हणून ते आपल्या आकाराप्रमाणे फिरेल, आपल्या उदाहरणात ३९ मीटर भागिले ३.१०, म्हणजे १२.५८ फेऱ्या. १३.० वजा १२.५८, भागिले १२.५८, गुणिले १००, आले ३.३ टक्के. टेपने काढलेलं उत्तर आणि हे उत्तर जवळपास सारखं आलं म्हणजे तुमची मोजणी बरोबर. मला ही दुसरी रीत जास्त आवडते, कारण यात कॅटलॉग लागत नाही, कंपनीला फोन लागत नाही, रेशो माहीत असण्याचीही गरज नाही, ट्रॅक्टरच स्वतःचं उत्तर देतो. फोर व्हील टाकल्यावर पुढच्या फेऱ्या फोर व्हील काढून मोजलेल्या फेऱ्यांपेक्षा कमी आल्या तर समजा लॅग आहे, तो ट्रॅक्टर कडक जमिनीवर फोर व्हीलमध्ये चालवू नका, टायरचा बंदोबस्त होईपर्यंत तरी नको.

हवेने हे जुळवता येतं का, असं बरेच जण विचारतात. थोडंसं येतं. हवा कमी केली की फेरीचं अंतर जरासं कमी होतं, म्हणून अगदी सीमेवर असलेली जोडी हवेने आत आणता येते. पण दोन-चार टक्क्यांची चूक हवेने भरून काढायला गेलात तर एक टायर फुगून मधोमध झिजेल आणि दुसरा बसका होऊन बाजूने फाटेल. हवा वजनाप्रमाणे ठेवायची असते. आणि वजनाचं म्हणाल तर फोर व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर अवजार नसताना एकूण वजनाचा साधारण ३५ ते ४० टक्के भाग असायला हवा. पुढे वजनच नसेल तर लीड कितीही बरोबर असली तरी चाकं नुसती मातीत फिरतात, म्हणून पुढच्या बंपरवरच्या वजनाच्या प्लेटा काढून ठेवायच्या आधी विचार करा.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. चारही टायर अगदी मापात जुळलेले असले तरी कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर फोर व्हील टाकून चालवायचं नाही. ३ टक्के लीड म्हणजे दर १०० मीटरला पुढचं चाक ३ मीटर जास्त पळायला बघतंय, मातीत ते ३ मीटर घसरून जातात, डांबरावर ते रबरातून आणि गिअरमधून वसूल होतात. मुंबईत हे जुहूला डोळ्यांनी बघता येईल, चौपाटीवर सकाळी साफसफाईचे ट्रॅक्टर असतात, भुसभुशीत वाळूत फोर व्हील लागतं आणि तिथे ते योग्यच आहे, पण वाळूतून रस्त्यावर चढलं की दांडा काढलाच पाहिजे. गावाला हा दांडा दिवसभर तसाच राहतो, शेतातून रस्ता, रस्त्यावरून गिरण, परत शेत, आणि वर्षभरात पुढचे टायर संपले की टायर कंपनीला दोष. एक अपवाद आहे, भरलेली ट्रॉली घेऊन तीव्र उतार उतरताना. बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, फोर व्हील टाकलं की पुढची चाकंही रोखून धरायला मदत करतात, आणि म्हणून काही कंपन्या उतारावर ते टाकायला सांगतात. तिथे टायरची झीज बघायची नाही, जीव बघायचा. तुमच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याला वाचून दाखवा.

मुंबईत राहणाऱ्याला एक फायदा आहे तो घ्या. कांदिवलीत महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे, १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या जोडीने सुरू झालेल्या कंपनीतून तो धंदा वाढला. शेतीचे टायर जगभर विकणाऱ्या बीकेटीचं मुख्य ऑफिस मुंबईत आहे, सिएटचंही आहे. या टायरवाल्यांच्या डेटा बुकात प्रत्येक टायरचा बाहेरचा व्यास आणि रोलिंग सर्कमफरन्स मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. डीलरकडे गेलात की नुसता भाव विचारू नका, हा आकडा मागा, पुढच्याचा आणि मागच्याचा दोन्ही, आणि दुकानातच मोबाईलवर गुणाकार-भागाकार करा. कुर्ल्यात सेकंडहँड टायर बघत असाल तर लगची उंची पट्टीने मोजा, चारही ठिकाणी, आणि एका अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना सारखीच झीज असलेले टायर घ्या, नाहीतर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत फिरत राहतो. लहान बागायती ट्रॅक्टर, पुढे ६.००-१२ आणि मागे ८.३-२० वाले, त्यांच्यात तर जास्त जपायला हवं, कारण टायर जितका लहान तितकी लगची तेवढीच झीज टक्केवारीत जास्त पडते.

शेवटी पैशाचा प्रश्न, चारही टायर एकदम घ्यायला प्रत्येकाला जमत नाही, दोनच घ्यायचे तर पुढचे की मागचे. याला एकच उत्तर नाही, तुमच्या ट्रॅक्टरची लीड आज किती आहे त्यावर आहे. आपल्याच उदाहरणात पुढचे लग १० मिलिमीटर झिजलेत आणि मागे कोरे टाकले तर लीड १.२ टक्के राहते, अजून हद्दीत आहे, चालेल, पण पुढचे यापुढे फार झिजू द्यायचे नाहीत. मागचे १० मिलिमीटर झिजलेत आणि पुढे कोरे टाकले तर ५ टक्के होते, अगदी काठावर, तेही मागचे आणखी झिजतील तशी वाढत जाणार. ज्याची मुळातच लीड १.५ टक्के आहे त्याला पहिला पर्याय लॅगमध्ये नेईल आणि दुसरा मजेत चालेल. म्हणून टायर घ्यायच्या आधी खडू-टेप घेऊन आजचा आकडा काढा, नव्या टायरचा डेटा बुकातला आकडा त्यात घालून बघा आणि मग ठरवा. आणि चारही टायर कोरे असतील त्या दिवशीचं माप मॅन्युअलच्या आतल्या पानावर तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या वेळी किती झिजलं हे अंदाजाने सांगावं लागणार नाही.